पंचविशीत थांबलेला ट्रम्पेट

जाझच्या इतिहासात अल्पायुषी कलावंतांची उणीव नाही. १९४० आणि १९५०च्या दशकांत अमेरिकेतील अनेक गुणी वादकांना हेरॉइनच्या व्यसनाने गिळले. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊन मात्र त्या वाटेला कधीच गेले नाहीत. निर्व्यसनी, मितभाषी आणि रियाजात रमणाऱ्या या कलावंताचा घास घेतला तो रस्त्यावरील अपघाताने. त्यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची, पण तेवढ्या अवधीत त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या ट्रम्पेटवादनाला वळण दिले.

३० ऑक्टोबर १९३० रोजी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांनी दिलेल्या ट्रम्पेटवर शालेय वयातच त्यांचा हात बसला. महाविद्यालयात ते आधी गणिताकडे आणि मग संगीताकडे वळले. फिलाडेल्फियातील मैफलींमध्ये त्यांचे नाव होऊ लागले होते. फॅट्स नवारो हे त्यांचे आदर्श. परंतु जून १९५० मध्ये मोटार अपघातात ब्राऊन गंभीर जखमी झाले आणि पुढच्याच महिन्यात, व्यसन आणि क्षयाने पोखरलेले नवारो वयाच्या सव्विसाव्या वर्षी निवर्तले. ब्राऊन यांना अनेक महिने अंथरुणावर काढावे लागले. ट्रम्पेट सोडू नकोस, असा धीर त्यांना डिझी गिलेस्पी यांनी दिला.

१९५२ मध्ये ख्रिस पॉवेल यांच्या ‘ब्लू फ्लेम्स’ या रिदम अँड ब्लूज वाद्यवृंदासोबत त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९५३च्या उन्हाळ्यात लू डोनाल्डसन, टॅड डॅमरन आणि जे. जे. जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी ध्वनिमुद्रिका केल्या. त्याच वर्षी लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातून ते युरोपला गेले. दौऱ्यात बाहेर ध्वनिमुद्रण करण्यास हॅम्प्टन यांची सक्त मनाई होती. तरीही पॅरिस आणि स्टॉकहोममध्ये तरुण वादकांनी लपूनछपून स्टुडिओ गाठला. ही चोरून केलेली ध्वनिमुद्रणे आज जाझरसिकांचा ठेवा आहेत.

फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबमध्ये आर्ट ब्लेकी यांच्या पथकासोबतचे त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्याच वर्षी तालवादक मॅक्स रोच यांनी त्यांना कॅलिफोर्नियात बोलावून घेतले आणि ब्राऊन-रोच पंचक आकाराला आले. ‘जॉय स्प्रिंग’ आणि ‘दाहूद’ या ब्राऊन यांच्या रचना याच पंचकाने लोकप्रिय केल्या. ‘स्टडी इन ब्राऊन’मधील ‘चेरोकी’ ऐकताना अतिद्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा आणि गोल लागतो. केवळ वेगाने दिपवणारे वादक पुष्कळ होते. वेगातही माधुर्य राखणारे विरळा. सारा व्हॉन आणि हेलन मेरिल यांच्या गायनाला दिलेली साथ, तसेच १९५५च्या प्रारंभी तंतुवाद्यांसोबत केलेली ध्वनिमुद्रिका त्यांच्या हळुवार बाजूची साक्ष देतात.

१९५५च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स पंचकात आले. ते नुकतेच हेरॉइनच्या विळख्यातून सुटले होते. स्वच्छ आयुष्य जगूनही थोर जाझ वाजवता येते, याचे जिवंत उदाहरण त्यांना ब्राऊन यांच्या रूपाने मिळाले. १९५६च्या प्रारंभी ध्वनिमुद्रित झालेली ‘ॲट बेसिन स्ट्रीट’ ही या संचाची परिपक्व कामगिरी.

२६ जून १९५६ रोजी, ऐन लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवशी, ब्राऊन फिलाडेल्फियाहून शिकागोकडे निघाले होते. पावसाळी रात्री पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर मोटार घसरली. ब्राऊन, पंचकाचे पियानोवादक रिची पॉवेल आणि मोटार चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी नॅन्सी असे तिघेही जागीच ठार झाले. रोच यांना या आघातातून सावरण्यास मोठा काळ लागला.

मित्र बेनी गोल्सन यांनी १९५७ मध्ये रचलेली ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ ही स्मरणरचना पुढे असंख्य वादकांनी वाजवली. ली मॉर्गन, फ्रेडी हबार्ड यांच्या वादनात ब्राऊन यांचा ठसा स्पष्ट उमटला. पूर्वसुरींच्या व्यसनांचे अनुकरण प्रतिभेसाठी गरजेचे नसते, हे त्यांनी आपल्या जगण्यातून सिद्ध केले. नियतीने त्यांना त्याचे फळ चाखू दिले नाही. ते त्यांच्यामागून आलेल्यांच्या वाट्याला आले.