गूल्येल्मो मार्कोनी : तार उंच नेणारा माणूस

सोलापूरमार्गे पुण्याला निघालो की दौंड हे स्टेशन लागतेच. बिदर-गुलबर्ग्याकडच्या मराठी माणसाला ते पाठ असते. परंतु १९२७ साली इंग्लंडहून निघालेले बिनतारी संदेश याच दौंडला उतरत असत, आणि आपल्याकडचे संदेश पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला जात असत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या यंत्रणेमागचे नाव होते मार्कोनी.

या पानावर आपण बहुधा संतांची, साहित्यिकांची आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मंडळींची चरित्रे वाचतो. या वेळी इतक्या दूरचा माणूस निवडण्याचे कारण घरातलेच आहे. आपल्या सभासदांची काही मुले सध्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या परीक्षेची तयारी करीत आहेत आणि गच्चीवर तार बांधू द्या म्हणून आईवडिलांच्या मागे लागली आहेत. मुलगा छतावर तारा का ओढतो आहे, असा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या या इटालियन मुलाच्या वडिलांनाही पडला होता. आम्ही वाणिज्य शाखेचे, उभा जन्म बँकेत गेलेला. तरी जेवढे समजून घेता आले तेवढे सांगतो.

मार्कोनींचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युझेप्पे हे खाऊनपिऊन सुखी जमीनदार. आई अॅनी ही आयर्लंडची, व्हिस्कीच्या प्रसिद्ध जेमसन घराण्यातली. मुलाचे शिक्षण विस्कळीतच झाले. विद्यापीठात रीतसर प्रवेश कधी मिळाला नाही. आईच्या खटपटीने प्राध्यापक रीगी यांच्या प्रयोगशाळेत ये-जा करायला मिळाली, एवढीच काय ती शिदोरी.

१८९४ च्या जानेवारीत जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ वारले. विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात हे हर्ट्झ यांनी सहा-सात वर्षे आधी प्रयोगाने दाखवले होते, पण त्या लहरी प्रयोगशाळेतच फिरत होत्या. वीस वर्षांच्या मार्कोनींनी हर्ट्झ यांच्यावरचा मृत्युलेख वाचला आणि या लहरींनी संदेश पाठवता येईल, हा ध्यास घेतला. पोंतेक्कियो गावच्या घरात माळ्यावरच्या खोलीत काम सुरू झाले. वडील कुरकुरत पैसे देत. एका रात्री मुलाने आईला झोपेतून उठवून माळ्यावर नेले आणि मध्ये कोणतीही तार नसताना खोलीच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली.

आता मुद्द्याची गोष्ट. ठिणगी पाडणारे यंत्र इतरांचे होते. लहर ओळखणारी, धातूचा कीस भरलेली काचेची नळी फ्रान्सचे ब्रान्ली आणि इंग्लंडचे लॉज यांनी आधीच तयार केलेली होती. मार्कोनींनी ती सुधारली. पण १८९५ च्या उन्हाळ्यात त्यांनी जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. यंत्राचे एक टोक त्यांनी उंचावर टांगलेल्या पत्र्याला जोडले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले. पत्रा जितका उंच, तितका संदेश लांब, हे ध्यानात आले. थोड्याच दिवसांत संदेश टेकडी ओलांडून दीड-दोन किलोमीटरवर पोचला. टेकडीपलीकडून तो दिसणार कसा? म्हणून पलीकडच्या माणसाने बंदुकीचा बार काढून पावती दिली.

उंच तार आणि पक्की अर्थिंग, एवढ्या दोन गोष्टींवर पुढचे सगळे उभे राहिले. आजही जमिनीशी जोडलेल्या उभ्या तारेला हौशी रेडिओवाले मार्कोनी अँटेना म्हणतात, आणि मधून तोडून दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारेचे मूळ हर्ट्झपाशी नेतात. पहिल्या प्रकारात जमीन ही यंत्राचाच अर्धा भाग असते. म्हणून गुलबर्ग्याच्या काळ्या, ओल धरणाऱ्या मातीत ती सुखाने चालते. बिदरच्या जांभ्या दगडावर, त्यातून उन्हाळ्यात, नुसता एक खिळा ठोकून भागत नाही. तिथे खांबाच्या बुंध्यापासून चहूकडे तारा पसराव्या लागतात. ज्यांची घरे किल्ल्याच्या बाजूला आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इटलीच्या सरकारकडून प्रतिसाद मिळाला नाही. १८९६ च्या फेब्रुवारीत आई मुलाला घेऊन लंडनला गेली. तिच्या माहेरचा नातेवाईक हेन्री जेमसन डेव्हिस तिथे अभियंता होता. त्याच्या मदतीने जूनमध्ये पेटंटचा अर्ज झाला. पोस्टाचे मुख्य अभियंता प्रीस यांनी या बावीस वर्षांच्या मुलाला आसरा दिला, आणि १८९७ च्या मे महिन्यात ब्रिस्टलच्या खाडीवर, किनाऱ्यावरच्या शंभर फुटांहून उंच डोलकाठीच्या मदतीने, पाण्यावरून पहिल्यांदा संदेश गेला.

त्याच जुलैत कंपनी निघाली. भांडवल एक लाख पौंड, एक-एक पौंडाचे एक लाख भाग. त्यांतले साठ हजार भाग आणि पंधरा हजार पौंड रोख मार्कोनींना. पेटंट कंपनीच्या नावे. तेवीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या मुलाला हा व्यवहार करून देणारी ती आजोळची मंडळी पक्की व्यापारी होती, हे आमच्यासारख्या कर्जाच्या फायली चाळलेल्या माणसाला मान्य करावेच लागते. भागधारकांना मात्र पहिली बरीच वर्षे लाभांशाची वाट पाहावी लागली.

पुढचे वेड अटलांटिक ओलांडण्याचे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोल्धू येथे वीस खांब वर्तुळात उभे केले, प्रत्येक दोनशे फुटांचा. खांबांचे शेंडे एकमेकांना बांधलेले होते. एक गेला की सगळे जाणार, अशी ती रचना. १९०१ च्या सप्टेंबरात वादळ आले आणि सगळे गेले. अमेरिकेकडच्या केप कॉडलाही असेच खांब होते, ते नोव्हेंबरात कोसळले. आज साधा चाळीस फुटांचा पाइप उभा करणाऱ्यानेही ही गोष्ट वाचावी. प्रत्येक खांबाला त्याचे स्वतःचे ताण हवेत, आणि ते जमिनीत हवेत.

मार्कोनी थांबले नाहीत. पोल्धूला दोन खांबांमध्ये पंख्यासारख्या चोपन्न तारा टांगून घेतल्या आणि स्वतः केम्प आणि पॅजेट या दोन मदतनिसांसह न्यूफाउंडलंडला गेले. खांब उभारायला वेळच नव्हता. वाऱ्याने फुगा तोडून नेला, एक पतंगही नेला. शेवटी दुसऱ्या पतंगाला सुमारे पाचशे फूट तार बांधून ती सोडली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी त्यांनी कानाला लावलेल्या यंत्रात तीन टिंबे ऐकली, आणि खात्रीसाठी यंत्र केम्पच्या कानाला दिले. अंतर दोन हजार मैलांहून अधिक.

ऐकले ते दोघांनीच, कागदाच्या पट्टीवर नोंद नाही. त्यामुळे ती टिंबे होती की आकाशातली खरखर, हा वाद आजवर मिटलेला नाही. आमच्या बँकेत असे व्हाउचर पास झाले नसते. पण पुढच्याच फेब्रुवारीत मार्कोनींनी फिलाडेल्फिया नावाच्या बोटीवर पट्टीवर नोंदी घेतल्या, साक्षीदारांसमोर. रात्री दोन हजार मैलांवरून खूण येत होती, दिवसा सातशे मैलांवरच संपत होती. पृथ्वी गोल असताना सरळ जाणारी लहर इतक्या दूर वळते कशी, याचे उत्तर केनेली आणि हेविसाइड यांनी त्याच वर्षी सुचवले : वातावरणात वर विद्युतभारित थर आहे आणि तो लहरी खाली परतवतो. टेलिग्राफच्या केबल कंपनीने मात्र टिंबांचे ऐकून लगेच वकिलाची नोटीस धाडली होती. न्यूफाउंडलंडात तार चालवण्याचा मक्ता तिचा होता.

इथे आपल्या मनातला प्रश्न येतो, जगदीशचंद्र बोस यांचा. कलकत्त्यात बोस यांनी १८९५ मध्येच भिंतींपलीकडे घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. त्यांची तुतारीच्या आकाराची अँटेना आजच्या मायक्रोवेव्ह यंत्रांची पूर्वज आहे. १८९९ मध्ये त्यांनी पारा वापरलेला लहरग्राहक लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. मार्कोनींनी १९०१ मध्ये वापरलेला ग्राहकही पाऱ्याचाच होता. तो त्यांच्याकडे इटलीच्या नौदलातून आला होता. त्याचे मूळ बोस यांच्या शोधात आहे, असे पुढे काही संशोधकांनी साधार दाखवले आहे, आणि मार्कोनींनी बोस यांचे नाव घेतले नाही ही गोष्ट खटकते. मात्र सगळा रेडिओच बोस यांचा आणि मार्कोनी चोर, असे जे संदेश मोबाइलवर फिरतात तेही आम्हाला पटत नाहीत. बोस यांच्या लहरी मिलिमीटरांच्या होत्या, प्रयोगशाळेत प्रकाशासारखे गुण दाखवायला उत्तम, पण टेकडी ओलांडणाऱ्या नव्हेत. टेकडी उंच तारेने ओलांडली. शिवाय बोस यांना त्यातून पैसा करायचाच नव्हता. दोघांच्या वाटाच वेगळ्या होत्या.

१९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मार्कोनी आणि जर्मनीचे ब्राउन यांना विभागून मिळाले. १९१२ च्या एप्रिलात टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेल्या सुमारे सातशे जणांचे प्राण बोटीवरच्या मार्कोनी कंपनीच्या दोन तारमास्तरांमुळे वाचले. त्यांतला एक, फिलिप्स, बोटीबरोबर गेला. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनींचा उजवा डोळा गेला.

आता हौशी मंडळींकडे वळू. मोठ्या कंपन्यांचा समज असा होता की लांब जायचे तर लहर लांब हवी. म्हणून मैलभर पसरणाऱ्या तारा आणि प्रचंड वीज. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना दोनशे मीटरच्या आतल्या, निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर ढकलले. या मुलांनी परसात तारा बांधल्या आणि १९२१ च्या डिसेंबरात एक किलोवॉटपेक्षा कमी शक्तीचे त्यांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसलेल्या गॉडली नावाच्या अमेरिकन हौशी माणसाने ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन हौशी केंद्रांनी शंभर मीटरच्या आसपास दुतर्फा बोलणे केले. मार्कोनींनी स्वतः १९१६ पासून लघुलहरींचे प्रयोग चालू केले होते. इतकी वर्षे आपण लांब लहरींच्या मागे लागून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, हे त्यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात जाहीरपणे मान्य केले. नाव, पैसा, नोबेल सगळे मिळाल्यावर असे म्हणणे सोपे नसते.

एलेट्रा नावाच्या आपल्या बोटीवर यंत्रे बसवून ते समुद्रात दूर जात आणि पोल्धूहून त्यांचे सहकारी फ्रँकलिन लघुलहरी सोडत. त्यातून बीम पद्धत निघाली. पावणेतीनशे फुटांहून उंच मनोऱ्यांची रांग, त्यांच्यात टांगलेला उभ्या तारांचा पडदा, आणि मागे परावर्तक म्हणून तसाच दुसरा पडदा. सगळी शक्ती एकाच दिशेला. यंत्रापासून तारांपर्यंत वीज नेण्यासाठी फ्रँकलिन यांनी एका तांब्याच्या नळीत दुसरी नळी बसवली. आज टीव्हीच्या मागे लागणारी कोअॅक्सियल केबल तिचीच वंशज.

१९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि मग भारत. भारताचे प्रक्षेपण केंद्र खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला. समोर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी आणि स्केग्नेस. पाठवणारे आणि ऐकणारे केंद्र मुद्दाम दूर ठेवत, नाहीतर शेजारच्या भोंग्यात दूरची कुजबुज ऐकू येणार नाही. १९७७ साली गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्र आले तेव्हा घराघरांवर चढलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्यांच्या अँटेनात, सर्वांत मागची काडी हे दौंडच्या मागच्या पडद्याचेच काम करीत होती. ती अँटेना जपानच्या यागी आणि उदा यांची. चित्र येईना म्हणून ती फिरवायला कोण कोण गच्चीवर चढत होते ते आठवून पाहावे.

बीम इतकी स्वस्त पडली की समुद्राखालच्या केबल कंपन्यांचा धंदा बसू लागला. तेव्हा सरकारने १९२९ मध्ये दोन्हींना एकत्र करायला लावले.

शेवटची वर्षे सांगायला मन होत नाही, पण सांगितलीच पाहिजेत. १९२३ मध्ये मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले. मानमरातब, पदे, इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्षपद, सगळे आले. इथिओपियावरच्या आक्रमणाचे त्यांनी जगभर समर्थन केले. ज्यू विद्वानांना अकादमीबाहेर ठेवण्यात त्यांचा हात होता, असे अकादमीच्या कागदपत्रांतून पुढे आले आहे. जहाजावरच्या अनोळखी माणसाचा आवाज वाचवणारे यंत्र देणारा माणूस इथे वेगळा वागला. मोठेपणाच्या आड हे झाकू नये, असे आमचे मत आहे.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने ते गेले. वय ६३. ब्रिटनच्या पोस्टाने आपली बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवली. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सूर जुळवण्याच्या त्यांच्या पेटंटातील महत्त्वाचे दावे रद्द केले. लॉज, स्टोन आणि टेस्ला यांचे काम आधीचे ठरले. उंच तारेचे श्रेय त्या निकालानंतरही त्यांच्याकडेच राहिले. भारतातली परदेशी संदेशवहनाची यंत्रणा १९४७ च्या सुरुवातीला सरकारने ताब्यात घेतली, आणि १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम झाले.

दर वर्षी २५ एप्रिलच्या जवळच्या शनिवारी जगभरचे हॅम लोक मार्कोनींच्या जुन्या जागांवरून संदेश पाठवतात. ते ऐकायला परवाना लागत नाही, लघुलहरींचा चांगला ग्राहक संच आणि बाहेर ताणलेली तार पुरते. बोलायचे असेल तर सरकारची परीक्षा आणि परवाना हवा. चाळीस मीटर पट्ट्यासाठी टोकापासून टोकापर्यंत साधारण सहासष्ट फूट तार लागते. ती विजेच्या तारांपासून लांब बांधावी, आणि पाऊस गरजू लागला की संचापासून सोडवून ठेवावी.