वालचंदशेठांची मोटार

मोटार रस्त्यात बंद पडली की पहिला प्रश्न असतो, बिघाड कुठे आहे? दुसरा प्रश्न त्याहून अवघड. लागणारा भाग मिळायचा कुठे? हा दुसरा प्रश्न साऱ्या देशाच्या वतीने ज्याने मनावर घेतला, तो गृहस्थ मोटारीच्या धंद्यातला मुळीच नव्हता. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळचे गुजराती जैन, पण सोलापुरात पुरते मुरलेले. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज असे शिक्षण चालू होते, ते अर्धवट सोडून ते पेढीवर परतले. पेढीत मात्र त्यांचा जीव रमेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक कारकून त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. पहिले काम बार्शी लाईट रेल्वेचे, येडशी ते तडवळे, सुमारे ७ मैलांचे. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यातला. आज जालना जिल्ह्यात असलेले जाफराबादही त्याच राज्यात होते. पण तिथवर रूळ कधी पोहोचलेच नाहीत. अशा गावांचे सारे दळणवळण पुढे एस.टी. आणि मोटारी यांच्यावरच चालायचे होते.

ठेकेदारीत पैसा आणि नाव दोन्ही मिळाले. बोरघाटातले बोगदे, मुंबईला तानसाचे पाणी आणणारे नळ अशी कामे झाली. १९१९ साली ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट घेऊन सिंदिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिलला ती मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांशी भाड्यावरून वर्षानुवर्षे झुंज चालली. ती कथा मोठी आहे, ती पुन्हा कधी.

मोटारीचा कारखाना काढावा ही योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखलेली. वालचंदशेठांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले, फोर्डशी बोलले, क्रायस्लरशी बोलले. सौदा जमला तो क्रायस्लरशी. त्याच दौऱ्यात विमानप्रवासात विल्यम पॉली हा विमानांच्या धंद्यातला अमेरिकन भेटला आणि त्या ओळखीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखानाच निघाला! विमानाला सरकारने वाट दिली, मोटारीला नाही. युद्धाच्या काळात मोटार कारखाना हा युद्धोपयोगी उद्योग मानायला ब्रिटिश सरकार तयार नव्हते. परदेशी मोटारी पेट्यांतून सुट्या आणायच्या आणि इथे जोडून विकायच्या, हा धंदा फोर्ड आणि जनरल मोटर्स आधीपासून करीतच होत्या. वालचंदशेठांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि १९४७ च्या मार्चमध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. तीही जोडणीचीच होती. पण १९४९ पासून सुटे भाग इथेच बनवण्याला हात घातला गेला.

सुटा भाग इथे बनणे म्हणजे काय, हे पेट्रोल पंपाएवढे दुसऱ्या कशाने कळत नाही. (पेट्रोल भरायचा पंप नव्हे, इंजिनावरचा.) फियाट गाडीत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधले पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पोहोचवायचे काम इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी बसवलेला मुठीएवढा पंप करतो. आत रबर चढवलेल्या कापडाची एक चकती, तिला डायफ्राम म्हणतात; खाली स्प्रिंग आणि दोन लहान झडपा. कॅमशाफ्टच्या धक्क्याने चकती खालीवर होते आणि पेट्रोल पुढे सरकते.

जाफराबाद-जालना रस्त्यावर वैशाखाच्या दुपारी अशी गाडी आचके देऊन थांबली, तर जाणता ड्रायव्हर लगेच पंप खोलत नाही. आधी टाकीत पेट्रोल आहे ना, ठिणगी पडते ना, हे तो पाहतो. मग पंपावर ओले फडके टाकतो. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. पंप निवला आणि गाडी चालू झाली, तर पंपाचा दोष नाही. फडक्यानेही भागले नाही, तर कार्ब्युरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरायची, ठिणगीची तार काढून ठेवायची आणि स्टार्टर मारायचा. पेट्रोलच्या ठसठशीत पिचकाऱ्या आल्या, तर पंप ठीक. नाही आल्या, तर टाकीकडच्या नळीत हवा फुंकून पाहायची. टाकीत बुडबुडे वाजले म्हणजे वाट मोकळी आहे आणि रोग पंपातच आहे. पंपाच्या अंगच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकत असेल, तर चकती फाटली हे नक्की. तेलाची पट्टी काढून हुंगावी; पेट्रोलचा वास आला तर ते तेलात उतरले आहे, आणि तेल बदलल्याखेरीज गाडी हाकू नये.

बदलणे त्यामानाने सोपे. बिडी विझवून दोन्ही नळ्या सोडायच्या, दोन नट काढायचे, जुने पॅकिंग खरवडून टाकायचे. पंपाखालचा जाड ठोकळा आणि पॅकिंग होते तेवढ्याच जाडीचे घालावे, नाहीतर धक्क्याचे माप बिघडते. नट दोन्हीकडून सारखे आवळावे. तासाभराचे काम, पण नवी चकती हाताशी असेल तर! ती जहाजाने परदेशातून यायची म्हटली, तर तासाचे महिने होतात. वालचंदशेठांचा सारा हट्ट या चकतीसाठी होता, असे म्हटले तरी चालेल.

हट्ट फळाला आला तेव्हा ते थकले होते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, दुसऱ्या वर्षी त्यांनी कारभार सोडला. फियाटशी करार झाला, लहान गाड्या येऊ लागल्या. नुसती जोडणी करणाऱ्यांना यापुढे जागा नाही, ही शिफारस टॅरिफ कमिशनने केली ती १९५३ सालची. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मग इथला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी ८ एप्रिलला गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंदशेठ वारले.

फियाट ११०० आली १९५४ मध्ये. तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले आणि झाडाखालचा मिस्त्रीसुद्धा तिचा पंप डोळे मिटून खोलू लागला. पण स्पर्धाच नसल्याने गाडी वर्षानुवर्षे तशीच राहिली, आणि गिऱ्हाइकाला नंबर लावून वाट पाहावी लागे. पंपावरचे ओले फडके चाळीस वर्षे का सुटले नाही, याचा जाब वालचंदशेठांना विचारता येणार नाही. त्यांच्या वारसांना आणि सरकारला मात्र तो विचारायलाच हवा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पद्मिनी बंद पडली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आताच्या गाड्यांत पंप विजेचा आणि टाकीच्या आतच बुडालेला असतो. किल्ली फिरवली की मागून क्षणभर बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर मिस्त्री आधी फ्यूज आणि रिले तपासतो, आणि मग मागची सीट उचलतो.