माझी निवड : ‘कालियामर्दन’



सर्वांत आवडता एकच चित्रपट सांगा, असे म्हटले की मुले हमखास नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचे नाव घेतात, वडील मंडळी ‘शोले’ म्हणतात आणि आजी-आजोबा ‘श्यामची आई’ किंवा ‘संत तुकाराम’. माझे उत्तर मात्र १९१९ सालचे आहे. चित्रपटाचे नाव ‘कालियामर्दन’. त्यात आवाज नाही, रंग नाही, गाणे नाही. सात वर्षांची एक मुलगी त्यात कृष्ण झाली आहे. तिचे नाव मंदाकिनी, आणि ती चित्रपट काढणाऱ्याचीच लेक. चित्रपट काढणारे म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

पहिला मान ‘राजा हरिश्चंद्र’चा असताना मी हा का निवडला, हे कळण्यासाठी दादासाहेबांचे आयुष्य थोडे पाहावे लागेल.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे वडोदऱ्याला गेले आणि कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे जे जे मिळेल ते शिकले. छपाईसाठी लागणारे ब्लॉक कसे बनवतात, हे शिकायला ते रतलामला येऊन राहिले होते. फाळके म्हटले की सर्वांना नाशिक आणि मुंबई आठवते, पण त्यांच्या शिकण्याचा एक तुकडा आपल्या माळव्यातही पार पडला आहे. इंदूरच्या मुलांना हे माहीत असावे म्हणून मुद्दाम लिहिले.

शिक्षणानंतर त्यांनी गोध्र्याला फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते गाव सोडून फाळके परतले. नंतर नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकून ते लोकांना करून दाखवले, पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली, छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढे भागीदारांशी पटले नाही, तेव्हा छापखान्यातूनही बाहेर पडले. वय चाळीस, हाताला काम नाही, घरात बायको-मुले. असा मुलगा आपल्या घरात असता तर आपण काय म्हटले असते, याचा पालकांनी जरा विचार करावा. हा कुठेच टिकत नाही, असेच ना?

अशा वेळी मुंबईत गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता, पण त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले. मग त्यांना वेडच लागले. रोज चित्रपट पाहायचे, रात्र-रात्र जागून प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली आणि हे पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथे तंत्र समजून घेतले, कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले. परतल्यावर भांडवल कोण देणार? म्हणून कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून तो उगवताना दिवसांमागून दिवस चित्रित केला. रोप सरसर वाढताना पाहून सावकाराचा विश्वास बसला आणि पैसे मिळाले.

या सगळ्यात सरस्वतीबाईंचे, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पत्नीचे, नाव मागे राहते. ते योग्य नाही. त्या काळी कच्च्या फिल्मला छिद्रे नसत. अंधाऱ्या खोलीत बसून ती पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत. दिवसा सर्व कलावंत आणि कामगारांचा स्वयंपाक करायचा, उन्हाचा प्रकाश वळवायला पांढरी चादर धरून उभे राहायचे आणि रात्री फिल्म. चित्रपटाच्या श्रेयनामावलीची रीत तेव्हा असती, तर त्यांचे नाव निदान चार ठिकाणी आले असते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागला. त्यात तारामती झाले होते साळुंके नावाचे तरुण, जे एका उपाहारगृहात आचारी होते. कारण चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार होईना. अप्रतिष्ठेचे काम मानत ते. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या खऱ्या, पण १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंक्यांनीच केल्या.

आणि याच फाळक्यांनी कृष्णाच्या कामासाठी स्वतःच्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उभे केले. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये आणि पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’मध्ये. माझी निवड येथे ठरते. जे काम इतरांच्या लेकी-सुनांनी करावे असे त्यांना वाटत होते, ते त्यांनी आपल्या लेकीला दिले, आणि तेही एखाद्या कोपऱ्यातले नव्हे, तर मुख्य भूमिकेचे.

चित्रपटाच्या सुरुवातीला मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो. हसणारा, रुसणारा, रागावणारा. ही साधी मुलगी आहे आणि आता ही कृष्ण होणार आहे, हे दादासाहेब प्रेक्षकांपासून लपवत नाहीत. मग गोकुळातल्या खोड्या सुरू होतात, लोणी पळवणे येते, आणि शेवटी यमुनेत उडी. पाण्याखाली नागाशी झुंज, काठावर रडणारे गोकुळ, आणि फणीवर नाचत वर येणारा बाळकृष्ण. पडदे रंगवणे, मूर्तिकाम, जादू, फोटोग्राफी, जे जे शिकताना लोकांना ते भरकटलेले वाटले असतील, ते सगळे या एका झुंजीत कामाला आले आहे. मनात पहिल्यापासून कृष्ण होता, हातून आधी हरिश्चंद्र घडला, आणि कृष्णाला मंदाकिनीचा चेहरा मिळाला.

पुढचे दिवस चांगले नव्हते. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले, ते सोडून काशीला गेले, परत आले. बोलपट आल्यावर मूकपटांचा काळच संपला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मध्ये कोल्हापूरला झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, तो त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

त्यांनी काढलेल्या नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी अगदी मोजके तुकडे आज उरले आहेत. बाकीच्या फिल्म जळाल्या, विरल्या, हरवल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच हाती आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी चिकाटीने शोध घेऊन जे वाचवले, त्यात ‘कालियामर्दन’ आहे, आणि त्याचा बराचसा भाग शाबूत आहे.

जे वाचले आहे ते पाहायला तासभर पुरतो. मूकपटात मधूनमधून पाट्या येतात, त्या लहान वर्गांना वाचता येणार नाहीत, म्हणून शाळेत दाखवू तेव्हा आठवी-नववीच्या मुला-मुलींनी शेजारी बसून त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या आहेत. तयार असणाऱ्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.