हिदेयो नोगुची

जपानमध्ये इनावाशिरो सरोवराच्या काठी एका खेड्यात ९ नोव्हेंबर १८७६ रोजी एका दरिद्री शेतकऱ्याच्या घरी पुत्र जन्मास आला. त्याचे नाव सेइसाकू असे ठेवण्यात आले. तो दीड वर्षाचा असताना, आई कामात गुंतलेली पाहून रांगत रांगत गेला आणि घरातील पेटत्या शेकोटीत पडला. प्राण वाचले, परंतु डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांस चिकटली.

बाप व्यसनी असल्यामुळे संसाराचा सारा भार शिका या मातेवरच होता. हा हात नांगर धरण्याच्या उपयोगाचा नाही, तेव्हा मुलास शिकविलेच पाहिजे, असा तिने निश्चय केला. त्यासाठी तिने ओझी वाहिली, मोलमजुरी केली. शाळेत मुले सेइसाकूच्या हाताची चेष्टा करीत. पण त्याची बुद्धी पाहून कोबायाशी नावाच्या शिक्षकांनी त्यास आधार दिला. पुढे शिक्षकांनी व सोबत्यांनी वर्गणी जमविली आणि १८९२ मध्ये एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्याची बोटे मोकळी केली. आपणही वैद्य व्हावे, ही आकांक्षा त्याच्या मनात रुजली.

१८९६ मध्ये तो टोकियोस गेला व पुढच्याच वर्षी वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाला. याच सुमारास त्याने हिदेयो हे नाव धारण केले. १८९९ मध्ये सायमन फ्लेक्सनर हे अमेरिकन शास्त्रज्ञ जपानला आले असता त्यांची ओळख झाली. तेवढ्या ओळखीच्या बळावर नोगुची १९०० मध्ये फिलाडेल्फियास त्यांच्या दारी जाऊन उभे राहिले! फ्लेक्सनर यांनी त्यांना सर्पविषाच्या अभ्यासाचे काम दिले. ते त्यांनी अपार कष्टाने पार पाडले.

१९०१ मध्ये जॉन रॉकफेलर या धनिकाने न्यूयॉर्क येथे वैद्यकीय संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली होती. रोगांची मूळ कारणे शोधणे हेच तिचे कार्य. फ्लेक्सनर तिचे प्रमुख झाले आणि १९०४ मध्ये नोगुची तेथे रुजू झाले. रात्र रात्र ते सूक्ष्मदर्शकापुढे बसून राहत. एका प्रकारच्या वेडाने मृत्यू पावलेल्या रोग्यांच्या मेंदूत रोगजंतू असतात, हे त्यांनी १९१३ मध्ये दाखवून दिले. १९१५ मध्ये स्वदेशी त्यांचा मोठा सन्मान झाला आणि पंधरा वर्षांनी मायलेकरांची भेट झाली.

१९१८ मध्ये पीतज्वराच्या शोधार्थ ते दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात गेले. रोग्यांच्या रक्तात त्यांना एक नागमोडी जंतू आढळला. हाच पीतज्वराचे कारण होय, असे त्यांनी जाहीर केले आणि त्यावर लसही तयार केली. परंतु इतर शास्त्रज्ञांना हा जंतू पीतज्वराच्या रोग्यांत सापडेना. वस्तुतः तो कावीळ उत्पन्न करणाऱ्या दुसऱ्याच रोगाचा होता; पीतज्वराचे कारण त्याहून कितीतरी सूक्ष्म असा विषाणू आहे. पश्चिम आफ्रिकेतील प्रयोगांमुळे १९२७ मध्ये नोगुचींच्या मतास मोठा धक्का बसला.

अशा वेळी कीर्तीच्या आश्रयाने स्वस्थ बसणे त्यांना शक्य होते. पण खरे काय ते स्वतः पाहण्यासाठी ते आफ्रिकेत आक्रा येथे गेले. तेथे प्रयोग करीत असताना त्यांनाच पीतज्वराची बाधा झाली आणि २१ मे १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाची तपासणी करणारे डॉक्टर विल्यम यंग हेही थोड्याच दिवसांत त्याच रोगाला बळी पडले. पुढे १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी पीतज्वरावर खरी लस सिद्ध केली.

ज्या संस्थेत नोगुचींनी आयुष्य वेचले, तिला १९६५ मध्ये रॉकफेलर विद्यापीठ हे नाव मिळाले. पदवीधरांना जीवशास्त्र व वैद्यकातील संशोधनाचे शिक्षण तेथे दिले जाते. नोगुचींचा एक मोठा निष्कर्ष चुकीचा ठरला, हे खरे. तथापि त्याची पारख करण्यासाठी ते रोगाच्या माहेरी गेले व तेथेच त्यांनी देह ठेवला. शेकोटीत हात भाजलेल्या त्या मुलाचे स्मरण जपानी लोक आजही आदराने करतात.