गाडगेबाबांचा खराटा आणि आपली भीमा-घोड



२० डिसेंबर म्हणजे संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. शाळाशाळांतून त्या दिवशी परिपाठात माहिती सांगितली जाते, मैदान झाडलं जातं, फोटो ग्रुपवर जातात. चांगलंच आहे ते. पण मुलांना विचारून बघा, गाडगेबाबा कोण होते? उत्तर येतं, झाडू मारणारे संत. बस्स, चरित्र संपलं! बाबांचं काम नदीच्या काठाशी किती जोडलेलं होतं, आणि त्या नदीचा आपल्या शिरूर-दौंडशी काय संबंध आहे, हे सांगितलं की मुलं कान देऊन ऐकतात. म्हणून हा लेख जरा नदीच्या बाजूने लिहिला आहे.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. घर परीट समाजाचं. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडे डेबूने गुरं राखली, नांगर धरला. शाळेची पायरी काही चढता आली नाही. हे मुलांना जरूर सांगा, कारण पुढे याच माणसाने शाळा आणि वसतिगृहांसाठी आयुष्यभर लोकांकडे हात पसरला.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचं जेवण घातलं. वडील कशाने गेले हे माहीत असलेल्या माणसाने केलेली ही गोष्ट आहे, त्यामुळे ती लहान समजू नका. सावकाराने मामाची जमीन कशी गिळली, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कर्ज, व्यसन आणि निरक्षरता हे त्यांच्या कीर्तनातले विषय पोथीतून आलेले नाहीत, घरातून आलेले आहेत. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, १ फेब्रुवारी १९०५ ला, त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात मातीचं फुटकं गाडगं. भाकरी त्यातच, पाणीही त्यातच. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवलं.

आता नदीकडे येऊ. विदर्भात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. तिथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीचा काठ चिकणमातीचा, निसरडा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आंघोळीला उतरताना घसरायच्या. तिथे बाबांनी लोकांना हाताशी धरून काम काढलं आणि १९०८ च्या सुमारास पक्का घाट उभा राहिला. त्यांचं हे पहिलं मोठं सार्वजनिक काम. म्हणजे बघा, सुरुवात देवळाच्या गाभाऱ्यात झाली नाही. माणूस नदीत उतरतो त्या जागेपासून झाली.

गावोगावची पद्धतही सांगण्यासारखी आहे. बाबा गावात शिरले की कुणाच्या ओसरीवर बसत नसत. खराटा घ्यायचा आणि गल्ली, चावडी, पाणवठ्याची वाट झाडायला लागायचं. हा कोण वेडा म्हणून लोक आधी बघत राहायचे. मग एकजण यायचा, मग दुसरा. दुपारपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. रात्री कीर्तन. त्यात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर काढायचे आणि त्या उत्तरातच लोकांना पकडायचे. पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत. कौतुक सुरू व्हायच्या आत पुढच्या गावाला निघून जायचे. डी.एड.ला आपण प्रश्नोत्तर पद्धतीवर पानंच्या पानं लिहितो. ती पद्धत इतक्या ताकदीने वापरणारा हा माणूस कधी वर्गात बसलाच नव्हता!

यात एक गोष्ट आपण सहसा वगळतो. त्या काळी गावाची घाण काढणं हे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम होतं. बाबांनी ते आपणहून उचललं, आणि भरल्या यात्रेत, सगळ्यांसमोर उचललं. घाण करणाऱ्याने ती बघावी, लाजावं आणि वाकावं, हा त्यांचा हिशेब होता. आता आपल्या शाळेत झाडू कुणाच्या हातात असतो, ते जरा बघा. ठरलेल्या मुलींच्या? की गृहपाठ न केलेल्यांच्या, शिक्षा म्हणून? मग २० डिसेंबरला सांगितलेलं चरित्र २१ तारखेला फुकट जातं. पालकांनाही सांगायचं आहे, वर्ग झाडला म्हणून तक्रार घेऊन येऊ नका. मात्र फक्त तुमच्याच मुलीला झाडायला लावलं, तर जरूर या.

आता फळ्यावर एक नकाशा काढा. वरच्या बाजूला इंद्रायणी, तिच्या काठी देहू आणि आळंदी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे रांजणगाव सांडसजवळ पुण्याची मुळा-मुठा येऊन मिळते. आपली घोड शिरूरला वळसा घालून (जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात) चिंचणीच्या धरणातून पुढे जाते आणि दौंड-श्रीगोंद्याच्या भागात भीमेत येते. दौंड तर भीमेच्या काठावरच वसलेलं. तिथून उजनी आणि उजनीच्या खाली पंढरपूर. तिथे हीच भीमा चंद्रभागा होते.

देहू, आळंदी आणि पंढरपूर या तिन्ही ठिकाणी गाडगेबाबांनी उभ्या केलेल्या धर्मशाळा आहेत. म्हणजे त्यांचं काम आपल्या वरच्या अंगालाही आहे आणि खालच्या अंगालाही. मधल्या पट्ट्यात आपण! हे सांगितल्यावर पाचवीतल्या मुलाचाही प्रश्न येतो, मग आपण टाकलेलं कुठे जातं? उत्तर देऊ नका. नकाशावर त्यालाच बोट फिरवू द्या.

पंढरपूरला बाबा दरवर्षी वारीला जायचे, पण विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत ते कधी नसायचे. लाखो माणसं वाळवंटात उतरलेली. पत्रावळ्या, उष्टं, खरकटं, आणि उघड्यावर बसल्यामुळे झालेली घाण. बाबा खराटा घेऊन तेच साफ करत असायचे. कॉलरा म्हणजे काय हे त्या काळच्या वारकऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. नदीकाठची घाण पाण्यात उतरली की रोग दिंडीबरोबर गावोगाव जायचा. त्यामुळे वाळवंट झाडणं ही नुसती भक्ती नव्हती, त्यात माणसांचे जीव वाचत होते. रात्री त्याच वाळवंटात कीर्तन व्हायचं आणि लोटच्या लोट माणसं बसायची.

तुकोबांची पालखी आपल्या दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्कामी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता बघितलाय ना? बाबांच्या वेळी पत्रावळी पानांची होती, सडून मातीत जायची. आता चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, तरी पुलावर गाडी थांबवून, हात जोडून निर्माल्याची पिशवी गाठीसकट खाली सोडणारी माणसं आजही दिसतात. फुलं सडतील हो, पिशवीचं काय?

पंढरपुरात बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्यांना इतर ठिकाणी उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या वारकऱ्यांसाठी. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिकलाही मोठी धर्मशाळा उभी राहिली. पैसा लोकांचा, आणि हिशेब चोख. बायको कुंताबाई मात्र झोपडीतच राहिल्या. संस्थांमध्ये आपल्या नातेवाइकांचा शिरकाव होऊ नये यावर त्यांचा कटाक्ष होता. १९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग लहान मुलांना सांगताना मला नेहमी जड जातं. बापाला दुःख झालं नाही असं मुलांना वाटता कामा नये. मी एवढंच सांगते, की समोर बसलेली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून ते उभे राहिले.

राज्य सरकारने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्या वर्षांत गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली होती, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, तेव्हा आपल्या गावात काय काय झालं? ओढा कुणी साफ केला? आणि तो परत कधी भरला? वहीत तेवढंच लिहून आणलं तरी चांगला पाठ होतो.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबांची तब्येत ढासळली होती. ६ तारखेला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, गाडगेबाबांनी प्राण सोडला. आपली मूर्ती, समाधी, स्मारक करू नका असं ते सांगत आले होते. लोकांनी अमरावतीला समाधी बांधलीच. ती पेढी पुढे पूर्णेला जाऊन मिळते, ज्या पूर्णेच्या काठी त्यांनी ऋणमोचनचा घाट बांधला होता तिलाच.