वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. ज्यांचे नाव तिला दिले आहे, ते वाल्डेमार हाफकिन १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. घरे ओस पडू लागली. हाफकिन यांना तातडीने पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, बाहेरचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांना प्लेगची लस बनवायची होती.

मुलांनो, लस बनवायची म्हणजे आधी प्लेगचेच जंतू वाढवायचे! हे काम पुष्कळसे विरजणासारखे आहे. भांडे अस्वच्छ असेल तर दही नासते. तसेच हवेतील किंवा हातावरील जंतू चंबूत शिरले, तर हवे ते जंतू मागे पडून नको तेच माजतात. मात्र नासलेले दही फेकून देता येते. नासलेली लस माणसाच्या अंगात जाते.

म्हणून हाफकिन मांसाचा रस उष्णतेने निर्जंतुक करीत, त्यावर तुपाचे थेंब सोडीत आणि प्लेगचे जंतू घालून चंबू न हलवता ठेवून देत. तुपाच्या आधाराने वाढणारे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागत. ही प्लेगच्या जंतूंची खूण होती. चंबू हलवून त्या पारंब्या तळाशी पाडल्या, की वर नव्या फुटत. शेवटी तो रस सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवून जंतू मारीत. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही हाफकिन यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांची बाधा कोणासही झाली नाही. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेला दिला आणि हाफकिन यांना तेथून जावे लागले.

परंतु साक्षींत एक बारीकशी गोष्ट आली होती. बाटली उघडण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि सहजासहजी मरत नाहीत. शिवाय लस मुंबईतच दूषित झाली असती, तर कित्येक आठवड्यांनी बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्याला तशी आली नव्हती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हे मुद्दे जाहीरपणे मांडले, तेव्हा कोठे १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. न्याय मिळाला, पण त्यास पाच वर्षे लागली.

ते पुन्हा भारतात आले व १९१४ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास काम केले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्याकडे परत आली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते दूर युरोपात होते. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.