गोचिडीच्या लाळेतून येणारा मृत्यू शोधला, पण उवेने जीव घेतला : डॉ. हॉवर्ड रिकेट्स यांची गोष्ट

कुत्र्याच्या कानामागे किंवा गाईच्या गळ्याखाली टम्म फुगलेली गोचीड तुम्ही पाहिली असेलच. ती चार-पाच दिवस तिथेच चिकटून रक्त पीत असते आणि जनावराला पत्ताही नसतो. डास चावला तर आपण लगेच फटका मारतो, मग गोचीड का कळत नाही?

सगळी करामत तिच्या लाळेची. तोंड कातडीत खुपसलं की बरेचदा ती लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ सोडून स्वतःला घट्ट चिकटवून घेते. त्याच लाळेतली काही द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत, काही वेदना आणि खाज दाबतात, तर काही शरीराच्या संरक्षक पेशींना गोंधळात टाकतात. एवढंच नाही, प्यायलेल्या रक्तातलं जास्तीचं पाणी ती लाळेवाटे पुन्हा आपल्याच अंगात सोडते. आणि त्या पाण्याबरोबर रोगाचे जंतूही येऊ शकतात.

लाळेची ही रसायनं नंतर उलगडली. पण गोचीड चावल्याने माणूस मरू शकतो, हे प्रयोगाने दाखवणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे हॉवर्ड टेलर रिकेट्स.

रिकेट्स यांचा जन्म 1871 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. डॉक्टर झाल्यावर ते शिकागो विद्यापीठात संशोधन करू लागले. गडी असा की अभ्यासासाठी स्वतःलाच रोगजंतू टोचून घ्यायचा!

त्याच काळात मोंटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात लोक दहशतीत होते. वसंत आला की कडक ताप, अंगभर लाल-काळे ठिपके, आणि बघता बघता धडधाकट माणूस जायचा. खोऱ्याच्या पश्चिम भागात तर आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जण दगावायचे. डोंगरातल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी प्यायल्याने हे होतं, असं काहींना वाटायचं. गोचिडीवर संशय घेणारेही होते.

1906 मध्ये रिकेट्स तिथे पोहोचले. त्यांनी रुग्णाचं रक्त गिनी पिगला टोचलं, तो आजारी पडला. मग आजारी गिनी पिगला गोचीड लावली, तीच गोचीड पुढे निरोगी गिनी पिगला लावली. तोही तापला! त्याच वर्षी डब्ल्यू. डब्ल्यू. किंग यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं. रिकेट्स मात्र तिथे थांबले नाहीत. रोग गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही जातो, हे त्यांनी शोधलं. म्हणजे आजारी जनावर आसपास नसलं तरी गोचिडींमध्ये रोग टिकून राहू शकतो.

पुढे इतर संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली. उपाशी गोचिडीत हे जंतू जणू झोपलेले असतात. तिने रक्त प्यायला सुरुवात केली की ते जागे होतात, आणि लाळेतून आपल्यात उतरायला सहसा काही तास लागतात. म्हणून रानातून आल्यावर अंग तपासायचं आणि गोचीड दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडेपेटी असले उद्योग करायचे नाहीत. (आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि गोव्यात येणारा माकडतापही गोचिडीच पसरवतात, तो विषाणूचा आजार आहे.)

1909 च्या अखेरीस रिकेट्स मेक्सिको सिटीला गेले. तिथे टायफसची साथ होती आणि त्याची लक्षणं या ठिपक्यांच्या तापाशी मिळतीजुळती वाटत होती. सहकारी रसेल वाइल्डर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो. ट्युनिसमध्ये शार्ल निकोल त्याआधीच याच निष्कर्षावर आले होते. पण या कामातच रिकेट्स यांना टायफसने गाठलं. 3 मे 1910 रोजी, वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी ते गेले. घरी बायको आणि दोन लहान मुलं होती. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं बाकी होती. आज वेळेत डॉक्सिसायक्लिन दिलं तर ठिपक्यांचा ताप आणि टायफस, दोन्ही बरे होतात.

1916 मध्ये ब्राझीलचे संशोधक एन्रिके दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला नाव दिलं रिकेट्सिया प्रोवाझेकी. रिकेट्स आणि टायफसनेच मेलेले दुसरे संशोधक प्रोवाझेक, या दोघांच्या नावाने. बिटररूटच्या तापाचा जंतू आज रिकेट्सिया रिकेट्सी म्हणून ओळखला जातो. त्या खोऱ्यातल्या हॅमिल्टन गावी 1928 मध्ये प्रयोगशाळा उभी राहिली, तिथे आजही गोचिडींवर संशोधन चालतं.